निळं बघायचं नाही

भोंगामास्तरांना फोनवर बोलताना ऐकलं की कुणालाही वाटायचं, यांनी फोन उगाच हातात घेतलाय, खिडकी उघडली असती तरी भागलं असतं. आवाज असा, आणि पोटापाण्याचा उद्योगही त्याला शोभेल असाच. यंत्रांचे भोंगे कसे ऐकायचे, हे ते लोकांना शिकवायचे. घरच्यांनी ठेवलेलं नाव हजेरीपटावर पडून होतं. बाकी कंपनीत, कचेऱ्यांत आणि अलीकडे घरातसुद्धा ते भोंगामास्तरच होते.

त्यांच्या कंपनीचं एक सॉफ्टवेअर होतं. मोठ्या कचेरीत शेकडो यंत्रं वायरींनी एकमेकांना बांधलेली असतात. त्यातल्या कुणालाही जरा खुट्ट झालं की या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर एक ओळ उमटते. यंत्र बंद पडलं तर लाल. बंद पडायच्या बेतात असलं तर केशरी. नुसती कुरकुर असली तर पिवळी. आणि विशेष काही नाही, आपलं सहज कानावर घातलं, अशी असली तर निळी. सगळं ठीक असलं की पडदा हिरवा. नेटवर्क सांभाळणाऱ्या अ‍ॅडमिन मंडळींनी ती ओळ आधी ‘स्वीकारायची’, म्हणजे ‘बघितलं बरं का, आता हे माझ्या अंगावर’ असं कबूल करायचं, मग बिघाड दुरुस्त करायचा आणि मग ओळ बंद करायची. सांगायला एवढंच. पण शंभर लाल ओळी एका दमात आल्या की भल्याभल्यांची पाचावर धारण बसते. अशा वेळी मास्तर गरजायचे, “शंभरातल्या नव्व्याण्णव जणी दुसरी रडते म्हणून रडतायत! खरं लागलंय एकीलाच! ती शोधा!” या एकीला ते ‘मूळ कारण’ म्हणत, आणि म्हणताना त्यांचे डोळे बारीक होत.

तरुणपणी मास्तर स्वतःच ते सॉफ्टवेअर होते. म्हणजे दिव्यांनी भरलेल्या एका भिंतीसमोर ते खुर्ची टाकून बसायचे आणि दिवा विझला की ओरडायचे, “सात नंबर गेलाऽऽ!” तेवढ्यासाठी त्यांना पगार होता. मग एके दिवशी हे सॉफ्टवेअर आलं आणि भिंत उतरवली. मास्तर दोन आठवडे कुणाशी बोलले नाहीत, आणि त्या दोन आठवड्यांत त्या मजल्यावरच्या लोकांचं काम फार चांगलं झालं म्हणतात. पुढे कंपनीचा एक गुळगुळीत माणूस सॉफ्टवेअर शिकवायला आला आणि तिसऱ्याच वाक्यात अडकला. मास्तर उठले आणि त्यांनी पाच मिनिटांत सगळ्यांना ते समजावून सांगितलं, खालच्या मजल्यावरच्यांनासुद्धा. कंपनीनं त्यांना उचललं. त्याला आता बावीस वर्षं झाली होती. या कचेरीतून त्या कचेरीत, पाच दिवसांचा एक वर्ग, शेवटच्या दिवशी चाचणी. या कामावर त्यांचा मनापासून जीव होता. एखाद्या बुजऱ्या अ‍ॅडमिनच्या डोक्यात प्रकाश पडताना बघितला की त्यांना दिवसभर भूक लागत नसे.

घरी मात्र त्यांच्याकडे एकच बटण होतं. ते म्हणजे ‘हं’.

बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकांना हळू आवाजात “वरची ओळ वाचा, आता खालची” असं सांगून तिला हळूच बोलायची सवय लागली होती. घरातही ती तसंच बोलायची. “अहो, न्हाणीघराची कडी सैल झालीय.” हं. “अहो, तुमच्या बहिणीचा फोन आला होता, उलटा करायचाय.” हं. “अहो, त्या एक्स्टेंशन बोर्डातून चर्र आवाज येतो. एक कोपरा काळा पडलाय बघा.” हं. हा बोर्डाचा हं पहिल्यांदा म्हटला गेला, त्याला अकरा महिने झाले होते. मास्तरांची याबाबत काही तक्रार नव्हती. त्यांच्या मते घरात सगळं हिरवंगार होतं.

तर अशा या सुखी माणसाला एके दिवशी कंपनीच्या मॅडमनी बोलावून घेतलं. मॅडम प्रशिक्षण विभागाच्या प्रमुख. बाई कमी बोलणाऱ्या आणि बोलताना पेन हलवणाऱ्या. त्यांनी एक व्हिडिओ लावला. त्यात पांढऱ्याशुभ्र दातांचा एक देखणा तरुण सॉफ्टवेअर शिकवत होता आणि दर मिनिटाला “चला तर मग!” म्हणत होता.

“हा सगळा अभ्यासक्रम आता रेकॉर्ड झालाय, मास्तर,” मॅडम म्हणाल्या. “कचेऱ्या विचारतात, माणूस कशाला पाठवता?”

“याला कुणी शंका विचारली तर?”

“थांबवून पुन्हा बघायचं. पुढच्या आठवड्यात तुमचा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत वर्ग आहे ना? शेवटच्या दिवशी मी येते. सात जण आहेत. त्यांतल्या पाच जणांनी वीस मिनिटांत मूळ कारण शोधलं, तर तुमचे वर्ग चालू राहतील. नाहीतर हा.” मॅडमनी पेन त्या दातांकडे केलं. दात म्हणाले, चला तर मग.

पाणीपुरवठ्याच्या कचेरीनं मास्तरांना तिसऱ्या मजल्यावरची एक लांबोडकी खोली दिली. एका बाजूला तक्रार कक्ष. तिथे लोकांचे फोन येत, नळाला पाणी नाही, पाणी आहे पण गढूळ आहे, पाणी स्वच्छ आहे पण शेजाऱ्याला जास्त येतंय. दुसऱ्या बाजूला कुलूपबंद कोठडी, तीत त्या मजल्याचं नेटवर्कचं कपाट, मजल्यावरच्या सगळ्या यंत्रांच्या वायरी त्यात येऊन मिळत. खोलीत भिंतीला सॉकेट एकच. आणि शिकवायला लागणारी नेटवर्कची वायर तिसऱ्या मजल्याच्या कपाटात जागा नाही म्हणून चौथ्या मजल्यावरून जिन्यातून लोंबत आणलेली, तिला रोज दोन-तीन माणसं अडखळायची.

सात अ‍ॅडमिन येऊन बसले. सगळ्यांत पुढे आत्या. त्या कुणाच्या आत्या होत्या ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण सगळी कचेरी त्यांना आत्या म्हणे. वर्षभरात निवृत्त व्हायच्या होत्या आणि पडद्यावर दिसलेली प्रत्येक गोष्ट पेन्सिलीनं वहीत उतरवल्याशिवाय त्यांचा तिच्यावर विश्वास बसत नसे. त्यांच्या शेजारी हिरवेराव. यांना पडद्यावर सगळं हिरवं बघायचा असा सोस, की लाल ओळ दिसली रे दिसली, हे ती न वाचता स्वीकारून मोकळे. मग एक नणंद आणि तिची भावजय, दोघी एकाच विभागात. घरात काहीतरी बिनसल्यापासून दोघी एकमेकींशी थेट बोलत नसत, मध्ये बसलेल्याला मध्यस्थ करत. आणि मागच्या बाकावर तिघे जण. त्या तिघांचं मत नेहमी एकच असे आणि ते नेहमी मधल्याचं असे.

पहिल्याच दिवशी मास्तरांनी हिरवेरावांना फैलावर घेतलं.

“ही ओळ स्वीकारलीत. मग काय केलंत?”

“काही नाही. स्वीकारली.”

“आणि बिघाड?”

“तो आहे. पण आता लाल दिसत नाही.”

“अहो, स्वीकारणं म्हणजे शब्द देणं आहे!” मास्तरांच्या आवाजानं खिडकीची तावदानं थरथरली. “हो म्हणायचं आणि हलायचं नाही, यापेक्षा न बघितलेलं परवडलं! निदान सांगणाऱ्याची फसवणूक तरी होत नाही!” हे बोलताना मास्तरांना घरची काही म्हणजे काही आठवण झाली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यांचा गाजलेला प्रयोग केला, ‘माणसांचं नेटवर्क’. मधल्याला मुख्य स्विच केलं, म्हणजे सगळ्या वायरी जिथे जुळतात ते यंत्र. नणंद आणि भावजय दोन पंपघरं. मागचे उरलेले दोघे प्रिंटर. हिरवेराव सर्व्हर. सगळ्यांनी एकमेकांची मनगटं धरायची आणि आपला हात सुटला की मोठ्यानं ओरडायचं, “माझा संपर्क तुटला!” आत्या पडदा. कोण कधी ओरडलं ते त्यांनी लिहून घ्यायचं.

मास्तरांनी मधल्याच्या खांद्यावर टिचकी मारली. मधल्यानं हात सोडून मान टाकली, आणि एकच कल्लोळ झाला. प्रिंटर ओरडले, सर्व्हर ओरडला, भावजय ओरडली, “माझा संपर्क तुटला! आणि यांना सांगा, माझ्या पायावरून पाय काढायला!” नणंद म्हणाली, “यांना सांगा, संपर्क तुटल्यावर पाय कळत नसतो!” तेवढ्यात शेजारच्या तक्रार कक्षातला माणूस दारात येऊन उभा राहिला. त्यानं सातही जणांकडे आळीपाळीनं बघितलं आणि विचारलं, “इथली तक्रार कुठे नोंदवायची?”

तिसऱ्या दिवशी मास्तर आपल्या लाडक्या धड्यावर आले. पडद्यावर दिवसाला हजार ओळी येतात, त्यांतल्या सातशे निळ्या. दार उघडलं, दार बंद झालं, यंत्राचं घड्याळ जुळवलं, बॅटरीवर आलो, बॅटरीवरून गेलो. या गाळून टाकायला फिल्टर लावायचा.

“निळं बघायचं?” मास्तर विचारायचे.

“नाही!” वर्ग ओरडायचा.

“निळं काय करायचं?”

“गाळायचं!”

आत्यांनी पेन्सिल वर केली. “मास्तर, बघायचंच नसेल तर यंत्र ते पाठवतं कशाला?”

“आत्या, यंत्रांना सवय असते बोलायची. आपण किती मनावर घ्यायचं?”

आत्यांनी हे वहीत लिहून घेतलं, आणि पुढे एक छोटं प्रश्नचिन्ह काढलं.

चार दिवस ओरडून मास्तरांचा घसा बसला. चाचणीच्या दिवशी सकाळी त्यांनी पिशवीत विजेची किटली टाकली, मधूनमधून गरम पाणी पिता यावं म्हणून, आणि खोलीत सॉकेट एकच म्हणून तो एक्स्टेंशन बोर्डही टाकला. बायको दारात चपला घालत होती.

“अहो, तो बोर्ड नका नेऊ. चर्र करतो तो,” ती नेहमीसारखी हळू म्हणाली.

“हं,” मास्तर म्हणाले आणि बोर्ड घेऊन गेले.

चाचणीची व्यवस्था चोख होती. तळघरात एक जुना स्विच होता, त्याच्यावर चाळीसेक टाकाऊ यंत्रं टांगलेली. बरोबर अकरा वाजून दहा मिनिटांनी तळघरातल्या वायरमननं त्या स्विचचा प्लग काढायचा. चाळीस लाल ओळी येतील. मंडळींनी कागदावर मूळ कारण लिहून द्यायचं. बरोबर उत्तर, ‘तळघरातला जुना स्विच’, मास्तरांनी पाकिटात बंद करून मॅडमच्या हाती दिलं. मॅडम कोपऱ्यात बसल्या, पेन घेऊन.

मास्तरांनी भिंतीला बोर्ड लावला. बोर्डावर प्रोजेक्टर, दोन लॅपटॉप आणि किटली. अकरा वाजून दोन मिनिटांनी त्यांनी किटलीचा खटका दाबला. बारीकसं चर्र झालं. किटलीचा दिवा लागला आणि लगेच विझला.

“झालंसुद्धा पाणी,” मास्तर खूश होऊन म्हणाले. “मॅडम, घोटभर?” त्यांनी ओतलेलं पाणी गारच होतं, पण मॅडमनी सभ्यपणे घोट घेतला. प्रोजेक्टरही बंद पडला होता. “दिवा गेला वाटतं. असू दे, ज्याचा त्याचा लॅपटॉप ज्याच्या त्याच्यासमोर आहेच.” लॅपटॉप आपापल्या बॅटरीवर चालले होते, खोलीत खिडकीतून ऊन येत होतं, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही.

अकरा वाजून सहा मिनिटांनी लॅपटॉपचे पडदे लालेलाल झाले. चाळीस नाही, तीनशे बारा ओळी.

“वायरमननं चार मिनिटं आधीच प्लग काढला,” मास्तर मनात म्हणाले, “आणि चाळीसपेक्षा जास्तच यंत्रं टांगलेली दिसतायत. जितकी जास्त तितकी परीक्षा चांगली!” त्यांनी हाताची घडी घातली आणि घड्याळ लावलं. “वेळ सुरू!”

वर्ग कामाला लागला, आणि मास्तरांचा ऊर भरून आला. हिरवेरावांनी एकही ओळ न वाचता स्वीकारली नाही. नणंदेनं मध्यस्थाशिवाय भावजयीला विचारलं, “तुझ्याकडे प्रिंटर आधी गेले की फोन?” आणि भावजयीनं सरळ उत्तर दिलं. मागच्या तिघांनी चक्क तीन वेगळी मतं मांडून वाद घातला. शेजारचा तक्रार कक्षसुद्धा कधी नव्हे इतका शांत होता. मॅडम आल्यात हे त्यांनाही कळलेलं दिसतंय, असं मास्तरांना वाटलं.

सातव्या मिनिटाला हिरवेरावांनी कागद दिला. मास्तरांनी वाचला. ‘तिसऱ्या मजल्यावरचं कपाट.’

मास्तरांचा चेहरा पडला. तळघर नाही, तिसरा मजला? मॅडमनी पाकीट उघडून बघितलं आणि यादीत एक फुली मारली. नणंदेचा कागद आला. ‘तिसऱ्या मजल्यावरचं कपाट.’ फुली. भावजयीचा आला. तोच. सहा वर्षांत पहिल्यांदा दोघींचं एकमत झालं आणि तेही चुकलं. फुली. मागच्या तिघांनी वाद मिटवून तीन कागद दिले. तिन्हींवर कपाट.

सहा फुल्या झाल्या. सात जणांत पाच हवे होते. आता आत्यांनी बरोबर लिहिलं काय आणि चूक लिहिलं काय, खेळ संपला होता. बावीस वर्षं. त्यांना त्या अ‍ॅडमिन मंडळींचा राग आला नाही, उलट त्यांची दया आली. इतकी गुणी माणसं, आणि आपल्यालाच शिकवता आलं नाही. ते पांढरे दात डोळ्यांसमोर आले. मास्तरांनी खिडकीकडे तोंड केलं, कारण डोळे भरले होते आणि रुमाल पिशवीत होता.

“वेळ संपत आली, आत्या,” ते खिडकीलाच म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली आला होता की वर्ग दचकला.

“दोन मिनिटं आहेत अजून,” आत्या म्हणाल्या. त्या वहीत काहीतरी उतरवत होत्या आणि लॅपटॉपवर वर वर जात होत्या.

तेवढ्यात दार ढकलून वायरमन आत आला. घामाघूम झालेला, हातात टेस्टर. “मास्तर, माफ करा हां. तुमचा तो तळघरातला प्लग काढायला जमलंच नाही. आत्ता जाऊन काढू का?”

मास्तर वळले. “काढला नाहीस?”

“कसला काढतो! अकराच्या पुढे बघा, या मजल्याची सगळी सॉकेट गेली. तक्रार कक्षाचे फोन बंद, ते बिचारे नुसते एकमेकांकडे बघत बसलेत, कळेना त्यांना काय करायचं. कुठला तरी एमसीबी, वीज तोडणारा खटका, पडलाय, तो शोधतोय मी वीस मिनिटांपासून.”

मॅडमनी पाकिटाकडे बघितलं, मग सहा फुल्यांकडे.

“म्हणजे,” मॅडम हळूच म्हणाल्या, “हे सगळे मघापासून खरा बिघाड शोधतायत?”

“आणि तिसऱ्या मजल्यावरचं कपाट खरंच बंद आहे?” हिरवेराव उभेच राहिले.

“ठार बंद,” वायरमन म्हणाला.

मॅडमनी शांतपणे सहा फुल्या खोडल्या. मास्तरांना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी गार पाण्याचा मोठा घोट घेतला. आणि मग आत्यांनी पेन्सिल वर केली.

“मास्तर, माझं उत्तर या सगळ्यांपेक्षा वेगळं आहे. कपाट आपणहून कसं बंद पडेल? कपाट तर लाल ओळींची आई झाली. तिची आई कोण, ते मी बघत होते.” त्या जरा थांबल्या. “तुम्ही म्हणाला होता, निळं बघायचं नाही. मी बघितलं. तेवढं पोटात घाला.”

“काय आहे निळ्यात?” मास्तरांनी विचारलं.

आत्यांनी वहीतून वाचलं. “अकरा वाजून दोन मिनिटं. तिसरा मजला, कपाट. ‘वीज गेली, बॅटरीवर आलो.’ निळी ओळ. चार मिनिटं ते बिचारं बॅटरीवर तग धरून होतं आणि आपण सगळ्यांनी ते गाळून टाकलं होतं. म्हणजे ते कपाट आणि या भागातली सॉकेट एकाच लाइनवर असणार. आता प्रश्न एवढाच, की अकरा वाजून दोन मिनिटांनी या मजल्यावर कुणी काय केलं?”

“मी तर काहीच नाही केलं,” मास्तर म्हणाले. “मी फक्त किटली...”

वाक्य तिथेच राहिलं. चौदा डोळे, मॅडमचे दोन आणि वायरमनचे दोन, असे सगळे किटलीवरून वायरीवर आणि वायरीवरून बोर्डावर गेले. बोर्डाचा कोपरा काळा तर होताच, आता तो वितळून जमिनीला चिकटला होता. मग सगळ्यांना एकदमच वास आला.

वायरमननं प्लग उपटला, गुडघ्यावर बसून बोर्ड निरखला आणि कौतुकानं म्हणाला, “हे असलं काही लावायला काळीज लागतं.”

खोली हसून हसून लोटपोट झाली. मास्तरांचे कान लाल झाले. त्यांना वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला बोर्डासकट पोटात घ्यावं. पण मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पेन आत्यांकडे केलं. “बिघाड सापडला. आता तिकीट भरा. रीतसर.”

तिकीट म्हणजे बिघाडाचा कागद. त्यातला एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही, हे मास्तरांनीच घोकून घेतलं होतं. आत्यांनी चष्मा सारखा केला.

“मूळ कारण?”

“एक्स्टेंशन बोर्ड,” मास्तर पुटपुटले.

“बोर्ड सदोष असल्याचं प्रथम कोणी कळवलं?”

खोटं सांगता आलं असतं. पण बावीस वर्षं ज्या रकान्यांवरून लोकांना फैलावर घेतलं, त्यात खोटं भरणं मास्तरांच्या जिवावर आलं. “माझ्या बायकोनं.”

“कधी?”

“अकरा महिने झाले. शेवटचं आज सकाळी.”

“स्वीकारलं कोणी?”

“मी.”

“काय शब्दांत?”

मास्तरांनी जमिनीकडे बघितलं. “हं.”

हिरवेरावांना राहवलं नाही. “मास्तर, म्हणजे हो म्हटलंत आणि हलला नाहीत? यापेक्षा न बघितलेलं परवडलं, असं कुणीतरी...”

“मीच म्हणालो होतो,” मास्तर म्हणाले. त्यांना खरोखर लाज वाटली, आणि पुढे आणखी एक गोष्ट वाटली जी त्यांनी बोलून दाखवली नाही. ती कधीच ओरडून सांगत नाही, म्हणून आपण अकरा महिने तिला निळ्यात धरलं.

मॅडमनी यादी मिटली. “सातपैकी सात. वर्ग चालू राहतील, मास्तर.”

मास्तरांचा विश्वास बसेना. “पण मॅडम, बिघाड माझ्यामुळे झाला. तो दातवाला पोरगा असता तर त्यानं घरून बोर्ड आणला नसता.”

“नसता,” मॅडम म्हणाल्या. “आणि त्यानं ‘निळं बघायचं नाही’ म्हटलं असतं, तर त्याच्यापुढे पेन्सिल वर करायला कुणाला सुचलंही नसतं. तो धडा मात्र आजपासून बदला. बोर्डाची भरपाई म्हणून एवढं करा.”

“निळं बघायचं?” आत्यांनी वर्गाला विचारलं.

“हो!” वर्ग ओरडला. शेजारून तक्रार कक्षानं भिंतीवर थाप मारली. म्हणजे फोन नसले तरी ते जिवंत होते.

“एक रकाना राहिला,” आत्या म्हणाल्या. “तिकीट बंद करायला, ज्यानं कळवलं त्याची संमती. तुम्हीच शिकवलंत. विचारल्याशिवाय बंद करायचं नाही.”

वर्गासमोर फोन लावण्यावाचून मास्तरांपुढे इलाज राहिला नाही. आत्यांनी स्पीकरचं बटण दाबून घेतलं.

“अहो? या वेळी फोन?” बायकोचा हळू आवाज खोलीभर पसरला. “बरं आहे ना सगळं?”

“बरं आहे. तो बोर्ड...”

“जळला?”

“जळला. या मजल्याची वीज घालवली त्यानं. तू सांगितलं होतंस.” मास्तरांनी घसा साफ केला. “अकरा महिने सांगत होतीस. मी ऐकलं आणि केलं काही नाही. चुकलं माझं. ती तक्रार आता बंद करू का, ते तुला विचारायचं होतं.”

पलीकडे कुणीतरी “वरची ओळ दिसत नाही हो,” असं म्हणत होतं.

“ती करा बंद,” ती म्हणाली. “न्हाणीघराच्या कडीचं बघताय ना?”

“हं,” मास्तर म्हणाले.

“हं नाही!” सातही जण एका आवाजात ओरडले.

“अगबाई, कोण आहे तिकडे?”

“वर्ग आहे माझा,” मास्तर म्हणाले. त्यांनी आत्यांपुढची वही ओढून घेतली, कोरं पान काढलं आणि पेन्सिल मागितली. “तू सांग. कडी, आणि अजून जे जे काय असेल ते सगळं. मी लिहून घेतो.”

बराच वेळ काही आवाज आला नाही. मास्तरांना वाटलं फोन कटला. लग्नाच्या सव्वीस वर्षांत हे वाक्य त्या बाईनं पहिल्यांदा ऐकलं होतं, आणि ते खरं आहे की नाही हे पारखून घ्यायला तिला जरा वेळ लागत होता. मग ती दुकानातल्या गिऱ्हाइकाला म्हणताना ऐकू आली, “आजोबा, तुम्ही जरा डोळे मिटून बसा हं. मला वेळ लागेल.” आणि फोन तोंडाजवळ घेऊन, यावेळी चांगल्या खणखणीत आवाजात, ती म्हणाली, “हं, लिहा.”